हौद्यातली आठ पोती

मागे चार चाकं असलेली गाडी बर्फात घसरत नाही, असं आपल्याकडे कुणीही छातीठोकपणे सांगेल. चाकं जास्त तेवढी पकड जास्त, त्यात काय एवढं! पण ते साफ चूक आहे, आणि का चूक आहे ते समजावून सांगायला माझ्याइतका लायक माणूस मिळणार नाही. गेली चौदा वर्षं मी जर्मनीत ब्रेकच्या कंट्रोल युनिटवर काम करतो. चाक कधी घसरतं, किती घसरतं, घसरल्यावर त्याला कसं आवरायचं, यावर माझं पोट चालतं. दर हिवाळ्यात कंपनी आम्हाला बर्फावर गाड्या फिरवायला पाठवते. एवढं सगळं असूनही मी जे केलं ते केलं.

गाडी आमच्या घरमालकांची. नेकारसुल्मपासून अर्ध्या तासावर, द्राक्षमळ्यांच्या उतारावर एक गाव आहे. तिथे त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको भाड्याने राहतो. खाली ते दोघं राहायचे. समोर मी त्यांना रीतसर आडनावाने हाक मारायचो, पण आमच्या घरात बोलताना बायकोने पहिल्याच महिन्यात त्यांचे आजी-आजोबा करून टाकले होते. आजोबा एक्क्याऐंशीचे. जन्मभर द्राक्षं लावली. मळे आता दुसऱ्याला कसायला दिलेले, साधी कार विकून टाकलेली, पण ही पिकअप मात्र त्यांनी सोडली नव्हती. पुढे दुहेरी केबिन, पाठीमागे उघडा हौदा, आणि मागच्या अ‍ॅक्सलला प्रत्येक बाजूला जोडीने दोन-दोन चाकं. पंचवीस वर्षांची गाडी. घसरताना सावरणारं कसलंही इलेक्ट्रॉनिक्स तिच्यात नव्हतं.

या गाडीतून आजोबा आजींना मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी शहरात डायलिसिसला न्यायचे. चार वर्षं. इथे आरोग्य विम्यातून त्यासाठी टॅक्सी मिळते, दारातून दारात. आजोबांना ते मुळीच मान्य नव्हतं. "बायको माझी आणि नेणार टॅक्सीवाला?" असं ते डॉक्टरलाच म्हणाले होते म्हणे. केबिन उंच म्हणून त्यांनी आजींना चढायला एक लाकडी स्टूल केलं होतं, हिरवा रंग दिलेलं. सकाळी सातला ते स्टूल अंगणाच्या फरशीवर टेकल्याचा आवाज यायचा, मग दाराचा, मग इंजिनाचा. आमचा पहिला चहा त्या आवाजावर व्हायचा. गाडीतला रेडिओ कधीचा मेलेला होता. वीस मिनिटं ती दोघं नुसती बोलत जायची. पंचावन्न वर्षांच्या संसारानंतर एवढं काय बोलायचं शिल्लक असतं कोण जाणे.

आता पोत्यांचं सांगतो. रिकाम्या हौद्याचं वजन ते किती असणार? ते दोनाऐवजी चार टायरांवर वाटलं गेलं की एकेक टायर हलका पडतो. बर्फ दाबून खाली रस्त्याला भिडायचं सोडून वरच्यावर तरंगतो. जोडीच्या चाकांमधल्या फटीत बर्फ ठासून बसतो ते वेगळंच. अशी गाडी उतारावर मागून कधी फिरेल याचा भरवसा नाही. म्हणून शहाणी माणसं हिवाळ्यात मागे वजन ठेवतात. आजोबा नोव्हेंबर लागला की हौद्यात वाळूची आठ पोती चढवायचे, फळ्यांची चौकट करून, बरोब्बर अ‍ॅक्सलच्या वर. पहिल्या हिवाळ्यात ते बघून मी म्हणालो होतो, "जागा अगदी अचूक निवडलीत." आजोबा इतके खूश झाले! "गेनाऊ, अगदी बरोबर! हे तुम्हाला कॉलेजात शिकवतात? मला माझ्या वडिलांनी शिकवलं." म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

दुसरी गोष्ट डब्याची. आमच्या पहिल्या दिवाळीत बायकोने खाली चिवडा-चकली पाठवली, स्टीलच्या डब्यातून. दोन दिवसांनी आजी डबा लख्ख घासून परत घेऊन आल्या. बायकोने हसत हसत सांगितलं की आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, साखरेचे चार दाणे का होईना, घालतात. आजींना ही पद्धत भयंकर आवडली. त्या दिवसापासून आमचा डबा खाली गेला की पंधरा-पंधरा दिवस परत यायचा नाही. काहीतरी भाजून झाल्याशिवाय त्या तो वर पाठवायच्याच नाहीत. मग कधी नाताळची बिस्किटं यायची, कधी अक्रोड, कधी आलुबुखारचा मुरांबा. "तुमच्या डब्याने माझ्यामागे काम लावलंय," असं म्हणायच्या आणि मनापासून हसायच्या.

तर, संक्रांतीनंतरचा शनिवार. आम्ही जुनं लाकडी कपाट विकत घेतलं होतं, तीस किलोमीटरवरच्या गावातून आणायचं होतं. आजोबांनी आपणहून किल्ली दिली. क्लच कसा दाबायचा, हँडब्रेक किती ओढायचा, डिझेलचा काटा खोटं कसं बोलतो, सगळं सांगितलं. पोत्यांबद्दल अवाक्षर नाही. ब्रेकवाल्या इंजिनिअरला ते काय सांगायचं? कपाट मावेना म्हणून मी पोती काढली, चौकट काढली आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली नीट रचून ठेवली. रस्ते तीन आठवडे कोरडे ठणठणीत होते. कपाट आलं, जिन्यात अडकलं, आम्ही दोघं एकमेकांवर खेकसलो, शेवटी ते जागेवर लागलं.

रविवारी गाडी परत करायची तर बायको खाली येऊन बघते तो हौद्यात भुसा, माती, जुनी पानं. "अरे, लोकांची वस्तू अशी परत करतात? आईने बघितलं असतं तर मला घरात घेतलं नसतं." खरंच आहे. आपल्याकडे मागून आणलेलं पातेलं आणलं त्याहून चकचकीत करून द्यायचं असतं. मलाही चेव आला. पाइप लावून हौदा धुतला, ब्रश मारला, मागच्या जोडचाकांच्या फटीत अडकलेला एक दगड पेचकसाने उचकटून काढला. आणि पोती? दोन पोती कोपऱ्यातून फाटून वाळू गळत होती. धुतलेला ओला हौदा पुन्हा वाळूने बरबटला असता. म्हटलं, हौदा सुकू दे, उद्या ठेवू. हे वाक्य मी मनात म्हटलेलं मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. बायकोने तिळगुळाचा डबा भरून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवला, किल्ली मी खिडकीतून आजींच्या हातात दिली. आजोबा पडद्याआडून गाडीकडे बघून म्हणाले, "ही माझीच ना?"

सोमवारी मी ऑफिसला गेलो, उशिरा आलो आणि विसरलो. यापेक्षा मोठं काही कारण नाही.

मंगळवारी पहाटेपासून बर्फ. मी साडेसातला माझ्या गाडीने निघालो. गावाच्या खालच्या टोकाला द्राक्षं गाळायचं जुनं दगडी घर आहे, तिथे उतार वळतो. वळणावर निळे दिवे दिसले. आजोबांची पिकअप उलटी फिरून, तोंड माझ्याकडे आणि पाठ मळ्याच्या दगडी भिंतीला, अशी उभी होती. आजी रुग्णवाहिकेच्या पायरीवर चंदेरी कागदी पांघरुणात बसल्या होत्या, डावं मनगट उजव्या हाताने धरून. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. केबिनचं दार उघडं होतं आणि दारापासून चार-पाच पावलांपर्यंत बर्फावर तिळाचे लाडू पडले होते. हौद्यात चार बोटं बर्फ, एकसारखा, सपाट. त्याखाली काही नव्हतं, हे मला माहीत होतं. 

आजोबांना खरचटलंसुद्धा नव्हतं. ते रस्त्यात टोपी हातात घेऊन उभे होते. मला बघून म्हणाले, "मी सगळं नेहमीसारखं केलं. दुसरा गिअर, ब्रेकला पाय नाही. नेहमीसारखंच. आणि ती मागून निघूनच गेली." मग माझा दंड धरून त्यांनी विचारलं, "तुम्हाला यातलं कळतं. माझं काय चुकलं?"

मी म्हणालो, "रस्ता फारच निसरडा होता."

एवढंच. त्या क्षणी दोन वाक्यं बोललो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. आजींना त्या दिवशी रुग्णवाहिकेतूनच नेलं. मनगट मोडलं होतं, डायलिसिस चार तास उशिरा झालं, बाकी निभावलं. पण आजोबांनी माझं उत्तर ऐकून मान हलवली होती, आणि ती हलवण्यातच काहीतरी ठरून गेलं. रस्ता साठ हिवाळे निसरडाच होता. रस्ता तोच, गाडी तीच, मग बदललं ते काय? ते स्वतः.

शुक्रवारी त्यांची मुलगी एर्लांगेनहून आली. बिचारी घाबरलेली होती, तिला मी दोष देत नाही. बापाला खुर्चीवर बसवून तिने डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, एका पायावर उभं राहायला सांगितलं. खिडक्या बंद असूनही वरपर्यंत ऐकू येत होतं. "पापा, आता पुरे. आज आईचं मनगट गेलं. उद्या कुणाचं तरी मूल समोर आलं तर?"   गाडी भिंतीपासून काढून अंगणात आणून ठेवली होती, मागचा कोपरा चेपलेला. आजोबांनी किल्ली मुलीपुढे टेबलावर ठेवली.

बायकोने अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मला विचारलं होतं, "अरे, ती पोती? तू परत ठेवली होतीस ना?" मी नाही म्हणालो. तिने कपाळाला हात लावला. "मग आत्ताच्या आत्ता जा आणि सांग." मी जिना उतरलो, त्यांच्या दारापुढे उभा राहिलो, आतून आजींचं कण्हणं ऐकलं आणि कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवून परत वर आलो. "सांगितलंस?" "हो." "काय म्हणाले?" "काही नाही. म्हणाले, होतं असं."

बायकोशी मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही. हे बोललो ते इतकं सहज की माझं मलाच नवल वाटलं. आणि तिने ते खरं धरून पुढची गोष्ट रचली. "सांगूनसुद्धा ते गाडीला हात लावत नाहीत बघ. किती धसका घेतला असेल!" असं ती जेवताना हळहळायची आणि मी मान खाली घालून जेवत राहायचो. भीती कसली होती मला? घर सोडायला सांगतील, विम्याची भानगड होईल, हे सगळं मनात होतं. पण खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. आजोबा माझ्याकडे ज्ञानी माणूस म्हणून बघायचे. ती नजर मला जपायची होती. तिच्यापुढे एका म्हाताऱ्याचा स्वतःवरचा विश्वास गेला तर जाऊ दे, असं मी रोज सकाळी नव्याने ठरवत होतो.

आता सातला टॅक्सी यायची. त्यात आधीच दोन-तीन पेशंट बसलेले असायचे, बरोबर कुणाला नेता यायचं नाही. आजोबा हिरवं स्टूल घेऊन बाहेर यायचे. टॅक्सीला त्याची काही गरज नव्हती, ती जमिनीलगतच होती, पण ते घेऊन यायचे. टॅक्सी गेली की स्टूल हातात तसंच धरून थोडा वेळ उभे राहायचे. मी वरच्या खिडकीतून बघायचो. चहा कुठला जातोय? ओतून द्यायचो.

हे नऊ आठवडे चाललं. मार्चमध्ये एका संध्याकाळी आजोबा वर आले. दारातच उभे. "बुधवारी तुम्ही सुट्टी घेऊ शकाल? मला लांडराट्सआम्टला सोडाल का? गाडी चालवायचा परवाना परत करायचाय. तिथे स्वतः गाडी चालवत जाणं बरं दिसणार नाही." विनोद होता तो. माझी बायको हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, एकदा आपण होऊन सोडला की या वयात परत मिळवणं म्हणजे अशक्यच, पण बदल्यात वर्षभराचा बसचा पास मिळतो. "आमच्या गावात बस दिवसातून चारदा येते. आल्झो, म्हणजे चैनच आहे."

बुधवारी त्यांनी कोट घातला होता, बूट पॉलिश केले होते. त्या जिल्हा कार्यालयात यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढून आम्ही लांबलचक बोळात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. आजोबांनी आतल्या खिशातून परवाना काढला. जुना, राखाडी, कापडासारखा मऊ पडलेला. आत विशीतल्या पोराचा फोटो, कान बाहेर आलेले, केस चापून बसवलेले. "हा काढला तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती," ते म्हणाले. "पास झालो तर घरापर्यंत सोडतो म्हणालो होतो. वडिलांची गाडी होती." मग त्यांनी परवाना बंद करून गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला.

आमच्या आधी तीन नंबर होते. मग दोन. पाटीवर आकडा बदलला की टिंग वाजायचं.

मी म्हणालो, "पोती मी काढली होती."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळं. कपाट, धुतलेला हौदा, फाटलेली पोती, उद्या ठेवू. माझं जर्मन एरवी बरं आहे, त्या दिवशी क्रियापदं जागेवर येईनात. ते माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होते.

"रविवारी गाडी दिलीत तेव्हा हौदा रिकामा होता?"

"हो."

"आणि मंगळवारी रस्त्यावर तुम्ही मला भेटलात तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

टिंग वाजलं. त्यांचा नंबर लागला होता. ते उठले नाहीत. पुन्हा वाजलं. पलीकडची एक बाई आमच्याकडे बघत उठली आणि आत गेली.

"साठ हिवाळे मी निघण्याआधी पोत्यांवर हात ठेवून बघितलंय," आजोबा म्हणाले. "त्या सकाळी नाही ठेवला. गाडी इतकी स्वच्छ होती, आणि ती डबा उघडून बसली होती. म्हणाली, डायलिसिसच्या दिवशी एक चालतो. मी हसत चढलो. ते माझं चुकलं. ते माझंच." मग ते वळले. चार वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. बोळातली सगळी माणसं बघायला लागली. "पण नऊ आठवडे! नऊ आठवडे मी माझ्या पायांकडे बघत बसलो. रात्री पलंगावर पाय हलवून बघायचो, हे ऐकतात का माझं. आणि तुम्ही वर बसून होतात!"

मी माफ करा म्हणालो असेन, आठवत नाही. त्यांनी परवाना खिशात घातला, चिठ्ठी चार घड्या करून कचऱ्यात टाकली. "मला घरी सोडा."

घरी पोचल्यावर ते पॉलिश केलेल्या बुटांनिशी तसेच शेडमध्ये गेले, ताडपत्री ओढली आणि पहिलं पोतं उचलायला वाकले. मी धावलो. "नाइन, नको," ते म्हणाले, "तुम्ही उचला. मी सांगतो कुठे." आठही पोती मी हौद्यात चढवली. मार्चअखेर, ऊन पडलेलं, बर्फाचा कुठे मागमूस नाही. त्यांनी प्रत्येक पोत्यावर हात ठेवून बघितला. एक चार बोटं डावीकडे सरकवायला लावलं.

मग मी आजींना सांगायला स्वयंपाकघरात गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या, प्लॅस्टर नुकतंच निघालेलं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्या टॅक्सीत पूर्ण रस्ता रेडिओ चालू असतो. मला रेडिओ आवडत नाही." बस्स, एवढंच म्हणाल्या. त्यांच्या मागे भिंतीवर अख्ख्या वर्षाचं कॅलेंडर होतं. जानेवारीच्या अर्ध्यापर्यंत मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या चौकटींत नुसती वेळ लिहिलेली. तिथून पुढे प्रत्येक वेळेखाली, डावखुऱ्या आजींच्या उजव्या हाताच्या थरथरत्या अक्षरात, टॅक्सी. टॅक्सी. टॅक्सी. मी उभ्या उभ्या मोजले. सत्तावीस.

वर गेल्यावर बायकोला खरं सांगितलं. ती मला ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तू माझ्याशीसुद्धा?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

गुरुवारी सकाळी सातला स्टूल फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मी पडदा बाजूला केला नाही. दार वाजलं, इंजिन सुरू झालं, गाडी उताराला लागली, आणि आवाज पार विरेपर्यंत आम्ही दोघं गॅसपाशी तशीच उभी होतो. चहा उतू गेला. त्या दिवसाच्या चौकटीत आजींनी काय लिहिलं ते मी नंतर बघितलं: आम्ही दोघं. एकदाच. पुढे पुन्हा नुसती वेळ.

एप्रिल ते ऑगस्ट, एवढे महिने मिळाले. ऑगस्टमध्ये आजी गेल्या. मनगटाचा किंवा अपघाताचा त्याच्याशी संबंध नव्हता. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. लोक माझी समजूत काढायला हे सांगतात. पण ते सत्तावीस दिवस मला त्यांना परत देता येत नाहीत. आयुष्याच्या शेवटच्या वर्षातले सत्तावीस प्रवास, जाताना वीस मिनिटं, येताना वीस मिनिटं, त्या अनोळखी माणसांत बसल्या, रेडिओ ऐकत. मी एक दार वाजवलं नाही म्हणून.

ऑक्टोबरमध्ये आजोबा पुन्हा वर आले. पुन्हा बुधवार, पुन्हा तो कोट. या वेळी नंबर लागल्यावर ते उठले, आत गेले आणि पाच मिनिटांत बसचा पास घेऊन बाहेर आले. "आता कुणाला न्यायचंय?" म्हणाले. आवाजात राग नव्हता. मार्चनंतर ते माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. सकाळी नमस्कार, हवापाण्याचं बोलणं, भाड्याची पावती, सगळं सुरळीत. फक्त गाड्यांबद्दल त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही.

पिकअप शेजारच्या गावातल्या बागकाम करणाऱ्याने घेतली. न्यायला आला तेव्हा मी खालीच होतो. आजोबांनी त्याला पोती दाखवली, हिवाळ्यात काढायची नाहीत हे दोनदा बजावलं. माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते मला बघण्याहून जड गेलं. मग त्यांनी केबिन रिकामी केली. स्टूल काढलं, जुने नकाशे काढले, आणि सीटखाली पार आत गेलेला आमचा डबा काढला. जानेवारीपासून तो तिथेच होता. एका बाजूला पोचा आलेला.

संध्याकाळी बेल वाजली. बायकोने दार उघडलं. आजोबा डबा दोन्ही हातांत धरून उभे होते. इतका घासला होता की पोचा आलेल्या जागीसुद्धा दिव्याचा उजेड पडत होता. बायकोने तो घेतला. वजनावरूनच तिला कळलं असणार, पण तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"मला माहीत आहे, हा असा द्यायचा नसतो," आजोबा म्हणाले. "मी सगळी कपाटं बघितली. ते तिचं काम होतं. मला काही भाजता येत नाही."

बायको म्हणाली, आत या, जेवायला बसा. ते नको म्हणाले. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले, खालचं दार लागलं. बायकोने डबा ओट्यावर ठेवला. मी झाकण उघडून बघितलं, उगीचच. आत खरंच काही नव्हतं.